आत्माराम धुरी पळून गेले नव्हते

गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातला दुसरा गुरुवार. या दिवशी सकाळी आत्माराम धुरी वफ्रा येथील शेतावरून, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आणि फाटकावरच्या वहीत नोंद करून, माझ्या फहाहीलच्या घरी आले. त्यानंतरचा रविवार. या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी त्यांना माझ्या गाडीतून शेतावर परत नेले आणि फाटकावर आम्हांला सांगण्यात आले की, कागदोपत्री ते कामावरून पळून गेलेले आहेत. मे महिन्यातला शेवटचा मंगळवार. या दिवशी त्यांना कुवेत सोडावे लागले. डिसेंबरातली एक संध्याकाळ. कुडाळ तालुक्यातल्या आपल्या गावी, भावाच्या पडवीत, ते वारले. या शेवटच्या दिवसाची तारीख त्यांच्या पुतण्याने मला फोनवर सांगितली होती. मी ती लिहून घेतली नाही. ज्याने चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवरच्या तारखा तपासल्या, त्याच्या हातून हे कसे घडले, याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

या प्रकरणात मी तीन व्यक्तींना जबाबदार धरतो. पहिले, शेताचे व्यवस्थापक. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण ते लिहिण्याची संधी मी त्यांनाच देणार आहे. ते मराठी आहेत, कृषी पदवीधर आहेत आणि इथल्या मराठी मंडळाचा हा अंक त्यांच्या घरी येतो. दुसरा, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीतला तो कारकून, ज्याने व्यवस्थापकांच्या एका फोनवर विश्वास ठेवून पळून गेल्याचा अर्ज टंकित केला आणि ज्याच्याविरुद्ध तो अर्ज होता त्या माणसाला एक शब्दही विचारला नाही. तिसरा मी. माझ्याविषयी योग्य त्या ठिकाणी लिहीन.

धुरींशी माझी ओळख भाजीच्या खरेदीवरून झाली असे मी सांगत असे. ते चूक आहे. ती एका निष्पर्ण झाडावरून झाली.

मी शुऐबाच्या बंदराजवळ एका बांधकाम कंपनीत करारांचे काम पाहत होतो. शुक्रवारी सकाळी आम्ही उभयता भाजी घ्यायला वफ्र्याकडे जात असू. सौदी सरहद्दीजवळच्या त्या पट्ट्यात काकडी, टोमॅटो, कोथिंबीर शेतावरूनच मिळते. एका वसंतात, म्हणजे तिकडच्या मार्चअखेरीस, एका शेताच्या टोकाला मला मोठाल्या झाडांच्या तीन रांगा दिसल्या. भोवती खजूर हिरवे, बोरी हिरव्या, कुंपणाबाहेरच्या वाळूवरही पिवळी फुले आलेली, आणि ही झाडे मात्र सांगाड्यासारखी उघडी. त्यांच्यामध्ये खताच्या कंपनीची टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस उभा होता. त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा होता. तो मालवणीत झाडाशी बोलत होता.

"ही झाडे मेली का हो?" मी विचारले.

त्यांनी मराठी ऐकून मागे वळून पाहिले, आधी माझ्या पत्नीला नमस्कार केला, मग मला उत्तर दिले. "मेली कित्या? निजली आसत. हे अमेरिकन. त्येंच्या घड्याळात अजून रात आसा."

मग त्यांनी चष्मा लावला, एका फांदीवर अंगठ्याच्या नखाने हलकेच ओरखडा काढला आणि सालीखालची ओली हिरवी रेघ आम्हांला दाखवली. जखमेवर थोडी माती चोपडली. चष्मा उतरवला. तो चष्मा त्यांना वाचण्यासाठी लागत नव्हता, कारण ते फारसे वाचत नसत. तो झाडांसाठी होता.

ही झाडे पेकानची. पेकान म्हणजे अक्रोडाच्या कुळातले एक अमेरिकन फळ, लांबट, पातळ कवचाचे. शेताचे मूळ मालक, ज्यांना सगळे हाजी म्हणत, तरुणपणी अमेरिकेच्या दक्षिण भागात शिकायला होते. ज्या घरात ते राहिले त्या घरमालकिणीच्या आवारात पेकानची झाडे होती. पुढे पैलतीराला पोहोचलेल्या वयात त्यांना ती झाडे पुन्हा पाहावीशी वाटली, आणि त्यांनी साठ रोपे मागवून वाळवंटात लावली. तज्ज्ञांनी सांगितले, जगणार नाहीत. त्यांनी कोणाचे ऐकले नाही. एकतीस जगली. ती धुरींनी जगवली.

धुरी मूळचे कलमवाले. वेंगुर्ल्याकडच्या एका रोपवाटिकेत आंब्याची कलमे बांधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. ते कुवेतला आले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी एक चूक केली, जी कोकणातलाच माणूस करू शकतो. गावच्या हिशेबाने पावसाळ्यात कलमे बांधायची, म्हणून त्यांनी भर जुलैत, जिथे सावलीत ठेवलेले भांडे हाताला चटका देते तिथे, चांगल्या झाडाच्या काड्या कमजोर झाडांवर बांधल्या. बारा कलमे बांधली, बाराही चौथ्या दिवशी जळून गेली. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, हसत नसत. "माझ्या हातान बारा पोरा मारलंय," असे म्हणत. पुढच्या वर्षी ते फेब्रुवारीपासून रोज सकाळी सालीला कान लावून बसू लागले. एप्रिलमध्ये रस चढू लागला की तेवढ्या दहा दिवसांत कलमे बांधायची, हे त्यांना कोणी शिकवले नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ते कलमे आवळत. दुरून पाहिले की झाडांना बँडेज बांधल्यासारखे दिसे.

थंडी कमी पडली की ही झाडे उशिरा उठतात, हेही त्यांनीच शोधून काढले. "थंडी म्हणजे त्येंची झोप. झोप अर्धी रवली की माणूस काय करता? सकाळी लोळता. तसोच ह्यो." हे वाक्य मी नंतर, अधिक औपचारिक शब्दांत, एका पत्राच्या चौथ्या परिच्छेदात घातले. त्या पत्राकडे मी येतोच आहे.

शेताच्या त्या कोपऱ्यात वसंतात जी वस्ती होई ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आफ्रिकेकडून उत्तरेला निघालेले पक्षी तिथे उतरत. वेडे राघू, नीलपंख, तुरेवाले हुदहुद, होले, आणि एखाद्या भाग्याच्या सकाळी पिवळाधमक हळद्या. पाने नसलेल्या फांद्यांवर ते बसले की झाडांना रंगीत फळे लागल्यासारखी वाटत. धुरींनी अम्गऱ्याच्या भंगारातून मोटारींच्या चाकांच्या झाकण्या आणल्या होत्या. प्रत्येक झाडाखाली एक झाकणी, तिच्यात पाणी, पाण्यात एक दगड. दगड का, असे मी विचारले.

"बारकी पाखरा बुडतत, साहेबांनू. दगडार बसान पितत."

पाणी प्यायला वाळवंटातले खोकडही येई, आणि काट्यांचा चेंडू होऊन बसणारा एक इटुकला प्राणी, ज्याला धुरी 'भटजी' म्हणत, कारण तो जेवणाच्या वेळेला बरोबर हजर होई. पक्ष्यांना मात्र ते नावे ठेवत नसत. "ती वाटसरू. लांबसून येतत. विसा नाय, अकामा नाय, कफील नाय. दोन दिस बसतत, पाणी पितत, जातत. कोण त्येंका इचारता?" अकामा म्हणजे राहण्याचा परवाना, कफील म्हणजे ज्याच्या नावावर तो परवाना असतो तो. हे दोन शब्द कुवेतमध्ये प्रत्येक मजुराला आईच्या नावाइतके पाठ असतात. त्या दिवशी मी हसलो होतो.

हाजींच्या मुलांचे मित्र शुक्रवारी छऱ्याच्या बंदुका घेऊन येत. पाहुणे ते पाहुणे, त्यांना धुरी काय सांगणार? म्हणून गुरुवारी दुपारी उन्हे कलली की हा माणूस तुपाचा रिकामा डबा आणि पान्हा घेऊन झाडांच्या तिन्ही रांगांतून वाजवत फिरे. जे पक्षी त्याने आठवडाभर पाणी देऊन सांभाळले, त्यांनाच तो हाकलत असे. शिव्याही देई. "चला, चला, उठा. उद्या भाऊबंद येतहत तुमचे." शुक्रवारी पाहुणे रिकाम्या फांद्यांकडे बघत बसत आणि डब्याचा आवाज ऐकलेले शेजारी सांगत, हा हिंदी माणूस पिकाची फार काळजी घेतो. एकदा एका पाहुण्याने या काळजीबद्दल त्यांना खजुराचा डबा बक्षीस दिला. धुरींनी तो खजूर चिरून झाकण्यांच्या कडेला ठेवला.

आणि गाऱ्हाणे. कोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात हे वाचकांना ठाऊक आहे. एक जण उभा राहून देवासमोर मागणे मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. दर वसंतात, कलमे बांधण्याच्या आदल्या दिवशी, धुरी पंपाच्या खोलीमागे एक नारळ ठेवीत आणि हात जोडून उभे राहत. 'होय म्हाराजा' म्हणायला त्यांच्याबरोबर रफीक नावाचा बांगलादेशी कामगार असे. त्याला त्या दोन शब्दांपलीकडे मालवणी येत नव्हती. ते गाऱ्हाणे मी एकदा ऐकले आहे.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा. तुझा नाव माका ठावक नाय, तुझी भाषा माका येना नाय."

"होय म्हाराजा."

"पण ही झाडा तुझ्या मातयेत उभी आसत. ह्येंका परकी समजा नको."

"होय म्हाराजा."

"ह्येंच्या मुळाक गोडा पाणी लागू दी. आणि जेचो हात ह्येंच्यार पडात, तो राखूचो हात असू दी."

"होय म्हाराजा."

हाजी तेव्हा हयात होते. काठी टेकत ते मागून आले आणि हे काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. धुरींना भाजीबाजारापुरती अरबी येत होती. ते म्हणाले, "शक्वा." म्हणजे तक्रार. "माझ्याविरुद्ध?" हाजींनी विचारले. "नाही बाबा, झाडांच्या बाजूने." हाजी तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि त्यांनी उरलेले गाऱ्हाणे संपेपर्यंत ऐकून घेतले.

मला या प्रकाराची गंमत वाटे. मी धुरींना म्हणत असे, "तुमच्या अर्जाला आवक क्रमांक नाही, पोच नाही. वर पोहोचला की नाही, कसे कळणार?" ते म्हणत, "पालवी इली की कळता."

हाजी गेले. मुलांना शेतीत रस नव्हता. सुट्टीसाठी भाड्याने देता येतील अशा खोल्या, पोहण्याचा हौद, फुटबॉलचे मैदान असे काही त्यांच्या मनात होते, आणि त्यासाठी हे व्यवस्थापक आले. कामगारांचे परवाने मनुष्यबळ कंपनीच्या नावावर गेले. हाजींच्या पत्नी शहरात राहत. त्यांना सगळे मोठी अम्मा म्हणत. त्यांनी धुरींना आपला फोन नंबर देऊन ठेवला होता. धुरींनी तो नंबर टोपीच्या आत, घामाने पुसू नये म्हणून प्लास्टिकच्या कागदात घालून, शिवून ठेवला होता.

गेल्या वर्षी हिवाळा नावापुरताच झाला. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला तरी एकतीस झाडांपैकी एकावरही कोंब नव्हता. व्यवस्थापक आले, त्यांनी पाहिले आणि ही मेलेली झाडे आठवड्याच्या आत कापून जागा मोकळी करा, असा हुकूम दिला. त्यांचे शिक्षण द्राक्ष आणि डाळिंबाच्या प्रदेशातले आहे. एप्रिलमध्ये उघडे झाड म्हणजे मेलेले झाड, हा त्यांचा समज प्रामाणिक होता की सोयीचा, हे मी ठरवत नाही.

बुधवारी धुरींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "साहेबांनू, हे अमेरिकनांका कापूक निघाले. अम्मांक फोन करू काय?"

आता माझ्याविषयी. मी म्हणालो, "नको. तोंडी गोष्टींना अर्थ नसतो. उद्या त्या हो म्हणतील, परवा त्यांची मुले नाही म्हणतील. लेखी द्या. मी मसुदा करतो. तुम्ही या, सही करा, रविवारी आपण मालकांच्या कार्यालयात देऊन पोच घेऊ. एकदा पोच हातात आली की कोणी झाडाला हात लावू शकत नाही."

"तुमी म्हणतात तर तसा," ते म्हणाले.

त्यांनी व्यवस्थापकांना विचारले. व्यवस्थापक म्हणाले, "जा की. रविवारी दुपारपर्यंत या म्हणजे झालं." हे संभाषण रफीकने ऐकले आहे; 'रविवार' आणि 'दुपार' एवढे बांगलादेशी माणसालाही कळते. फाटकावरच्या वहीत जाण्याची वेळ आणि परतीचा दिवस लिहिला गेला. गुरुवारी भाजीच्या गाडीतून धुरी आले. माझ्या पत्नीने बांगड्यांचे तिखले केले होते. "वैनी, एकोणीस वर्सांत पयल्यांदा तीन राती शेताभायर काडतंय," असे ते जेवताना म्हणाले. नंतर ते आमच्या गच्चीवरच्या कुंडीतला कढीपत्ता तपासत बसले आणि मी मसुदा करत बसलो.

पहिला मसुदा मला सैल वाटला. दुसऱ्यात मी कराराचा संदर्भ घातला. शुक्रवारी दुपारी भाजीची गाडी परत निघाली तेव्हा धुरी चपला घालून दारात उभे होते. "सही करून जातंय," ते म्हणाले. मी त्यांना थांबवले. अरबी प्रत झाल्याशिवाय सही नको, असे मी सांगितले. अरबी टंकलेखनाचे दुकान शनिवारी संध्याकाळी उघडले. पत्र निर्दोष झाले. एकवीस दिवसांची मुदत द्यावी, तोवर पालवी न आल्यास अर्जदार स्वतःच्या हाताने झाडे तोडील, अशी विनंती. मी त्यांना ते वाचून दाखवले. शेवटचे वाक्य ऐकून त्यांनी विचारले, "ह्या माझ्या हातान म्हणून लिवलास?" मी म्हटले, त्याने अर्ज बळकट होतो. त्यांनी सही केली.

रविवारी सकाळी आठ वाजता पत्र दिले. शिक्का मारलेली पोच घेतली. अकरा वाजता शेतावर पोहोचलो. कुंपणाच्या जाळीतूनच दिसले, एकतीस बुंधे जमिनीपासून हातभर उंचीवर कापलेले होते. कापलेल्या जागा ओल्या होत्या. काही ठिकाणी पाणी थेंबथेंब खाली उतरत होते, कारण रस चढायला लागला होता. झाकण्या एकात एक रचून भिंतीशी ठेवलेल्या होत्या. पहारेकऱ्याने धुरींना आत सोडले नाही. तो खाली बघत होता. "चाचा, आपका तो भागने का रिपोर्ट हो गया," असे तो म्हणाला.

मी पोच दाखवली. ज्या माणसाला अरबी वाचता येत नव्हते, आणि वाचता आले असते तरी ज्याच्या हातात काहीच नव्हते, त्या पहारेकऱ्याला मी शिक्क्याची जागा बोटाने दाखवत होतो. धुरींनी माझ्या हातातला कागद हळूच घेतला आणि घडी करून माझ्याच खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी, बातमी कळताच, मोठ्या अम्मा स्वतः शेतावर आल्या. आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. गाडीची काच खाली करून त्यांनी धुरींना फक्त एवढेच विचारले, "फोन का केला नाहीस? मी एका शब्दात थांबवले असते." धुरींनी माझ्याकडे पाहिले नाही. ते अम्मांना म्हणाले, "माझीच चूक झाली, अम्मा." माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतके खोटे कोणी बोललेले नाही.

परवाना अम्मांच्या नावावर नव्हता, त्यामुळे तक्रार मागे घेणे त्यांच्या हातात नव्हते. धुरी जवळजवळ सात आठवडे आमच्या घरी राहिले. मी अकरा पत्रे लिहिली. सरकारी कामगार कार्यालयाने सांगितले, तक्रार कंपनीनेच मागे घ्यावी लागेल. कंपनी म्हणाली, व्यवस्थापक सांगतील तसे. फाटकावरच्या वहीची प्रत मी मागितली. ती वही संपली, नवी सुरू झाली, जुनी सापडत नाही, असे तोंडी कळवण्यात आले. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात व्यवस्थापक मला भेटले. हातात श्रीखंडाची वाटी होती.

"काका, कशाला एवढं ताणताय?" ते म्हणाले. "एकसष्ट वर्षांचे झाले ते. घरी जायचंच होतं ना त्यांना?"

"तुम्ही परवानगी दिली होती की नाही?" मी विचारले.

"अहो, असं कागदावर थोडंच असतं सगळं. जेवण झालं का तुमचं?"

याच दिवसांत रफीकने एका संध्याकाळी फोनवर चित्र पाठवले. बुंध्यांच्या तळातून, मातीलगत, तांबूस कोंब फुटले होते. माझ्या पत्नीचे डोळे भरून आले. मी लगेच पुढचे पत्र लिहायला कागद काढला, झाडे जिवंत होती याचा पुरावा मिळाला म्हणून. धुरींनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिले.

"ह्या कलमाच्या खालसून इला," ते म्हणाले. "जंगली. माझा कलम होता ता वर होता. ता गेला." मग चष्मा उतरवून म्हणाले, "वाडात मगे. पाखरांका बसाक झाड व्हया, त्येंका कलम काय आणि जंगली काय."

त्या सात आठवड्यांत त्यांनी माझ्यावर कधी राग धरला नाही. मला त्याचा त्रास झाला. एकदाच, मी सातव्या की आठव्या पत्राचा मजकूर वाचून दाखवत असताना, ते मध्येच म्हणाले, "साहेबांनू, झाडा रवांदेत. ती गेली. त्या कागदार 'पळान गेलो' म्हणून लिवला हा, तेवढा फक्त खोडूक सांगा. मी पळान जावक नाय. एकोणीस वर्सा मी खय गेलंय?" एवढीच त्यांची मागणी होती. त्यानंतर मी जी पत्रे लिहिली त्यांत झाडांचा उल्लेख नाही.

ती मागणी मी पूर्ण करू शकलो नाही. ते गावी जाण्यापूर्वी ती बातमी गावी पोहोचली. पुतण्या सांगतो की, तिठ्यावरच्या दुकानात कोणीतरी त्यांना थट्टेने 'पळपुटो' म्हटले. थट्टाच होती, असे पुतण्याही म्हणतो. धुरी त्यानंतर तिठ्यावर गेले नाहीत. कोणाच्या बागेत कलमे बांधायला बोलावणे आले तरी गेले नाहीत. "साहेबांका कागद धाडूक सांग," असे ते पुतण्याला म्हणाले. मी सहीशिक्क्यानिशी पत्र पाठवले की, सदर दिवशी सदर इसम माझ्या घरी माझ्या विनंतीवरून उपस्थित होते. पुतण्याने ते दुकानात वाचून दाखवले. एक जण म्हणाला, "दोस्तान लिवलला. कंपनीचा खय आसा?" त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. माझ्या शब्दाला तिथे साक्षीपलीकडे किंमत नाही. ज्याने आरोप केला त्याच्याच शब्दाने आरोप जातो. डिसेंबरपर्यंत तो शब्द आला नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते विमानतळावर, काचेपलीकडे. त्यांची पत्र्याची पेटी शेतावरच राहिली होती. हातात माझ्या पत्नीने दिलेली निळी पिशवी होती. आतल्या टेबलावर एका तरुण अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर एक कागद ठेवला आणि पेन दिले. धुरींनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून काही विचारले. अधिकाऱ्याने ती ओळ वाचून दाखवली असावी. तो सभ्य दिसत होता, घाईत नव्हता. धुरींनी मान हलवून नाही म्हटले. पेन खाली ठेवले. अधिकाऱ्याने पुन्हा काही समजावले, घड्याळाकडे हात केला. तेव्हा धुरी वळले आणि काचेतून त्यांनी मला शोधून काढले. जे खरे नाही त्यावर सही करू नये, हे चौतीस वर्षे मी भेटेल त्या माणसाला सांगत आलो होतो. त्यांनाही सांगितले होते. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्यामागे रांग होती. मी मान हलवून होकार दिला. ते टेबलाकडे वळले, त्यांनी चष्मा न लावताच सही केली, आणि निळी पिशवी खांद्याला लावून आत गेले.

व्यवस्थापक महाशय, माझा दोष मी वर लिहिला आहे. त्यात तुमचा वाटा मिसळू नका आणि तुमच्या दोषात माझा शोधू नका. झाडांबद्दल मी काही विचारत नाही. प्रश्न एकच आहे. त्या गुरुवारी आत्माराम धुरी यांना रविवार दुपारपर्यंतची परवानगी तुम्ही दिली होती की नव्हती? याचे उत्तर मला खाजगीत नको, फोनवर नको, कार्यक्रमात तर मुळीच नको. ते याच अंकाच्या पानावर, तुमच्या पूर्ण नावानिशी आणि सहीनिशी, जाहीरपणे द्या. दोन ओळी पुरतील. तो अंक घेऊन मी स्वतः कुडाळला जाईन आणि तिठ्यावरच्या त्या दुकानात उभा राहून, तिथे जे कोणी बसलेले असतील त्यांना, तुमच्या त्या दोन ओळी वाचून दाखवीन. उत्तर द्या.